नाव कुणाच्या नावावर?

आज इंटरनेटवरच्या नावाबद्दल बोलायचं आहे. आपण पाकिटावर, पिशवीवर छापतो ना, अमुक डॉट इन, तमुक डॉट कॉम, त्या नावाबद्दल. ते कुठून मिळतं, कोण देतं, किती दिवसांसाठी देतं आणि ते कुणाच्या नावावर लागतं. विषय ऐकून लगेच रेडिओ बंद करू नका. सातबारा आणि घरपट्टीची पावती ज्यांना कळते, त्यांना हे कळायला काही अडचण नाही.

आधी झालेलं सांगते. मी सहयोगिनी म्हणून जे गट बघते, त्यातला एक गट ज्वारीची कडक भाकरी आणि शेंगाची चटणी करतो. माल चांगला, पुण्या-मुंबईकडून मागणी. कुणीतरी सांगितलं की तुमची वेबसाइट पाहिजे. तालुक्याच्या गावात एक कॉम्प्युटरचं दुकान होतं, तिथल्या मुलाने बारा हजारांत सगळं करून देतो म्हटलं आणि खरंच करून दिलं. गटाचं नाव, डॉट इन, आत भाकरीचे फोटो, अध्यक्षताईंचा नंबर. आम्ही खूश. ते नाव आम्ही पाच हजार पाकिटांवर छापून घेतलं.

पुढच्या वर्षी दिवाळीच्या तोंडावर पुण्याच्या एका गिऱ्हाईक बाईंचा फोन आला. म्हणाल्या, "मावशी, तुमच्या पाकिटावरचं नाव मोबाइलमध्ये टाकलं तर पत्त्यांचा जुगार उघडतोय." अध्यक्षताईंना आधी चेष्टाच वाटली. मग मी माझ्या मोबाइलवर बघितलं. खरंच जुगार. चिल्लर नाण्यांची चित्रं, एक बाई हसतेय आणि वर आमच्या गटाचं नाव.

दुकानातल्या त्या मुलाला फोन लावला तर नंबर बंद. दुकान सोडून तो दुसरीकडे नोकरीला लागला होता. नाव घेताना त्याने स्वतःचा ईमेल टाकलेला, स्वतःचा मोबाइल टाकलेला, स्वतःच्या खात्यातून घेतलेलं, तेही एकाच वर्षासाठी. मुदत आषाढात संपली. मुदत संपतेय, पैसे भरा, असे ईमेल त्याला गेले असणार. ते त्याच्या जुन्या ईमेलमध्ये पडून राहिले. आम्हाला कुणी काही कळवलं नाही, कारण ज्यांनी नाव दिलं होतं त्यांच्या लेखी आम्ही कुणीच नव्हतो. त्या मुलाने लबाडी केली असं मी म्हणणार नाही. त्याने दहा दुकानांची कामं तशीच केली होती. पण आमची पाच हजारांतली जी दोन-अडीच हजार पाकिटं उरली होती, त्यांच्यावर बायका रात्री बसून चिकटपट्ट्या लावत होत्या. ते मी विसरलेले नाही. त्यानंतरच मी या विषयात डोकं घातलं.

आता हे नाव म्हणजे काय ते बघू. आपण पत्र लिहितो तेव्हा वर माणसाचं नाव, मग गाव, पोस्ट, तालुका, जिल्हा, शेवटी पिनकोड. पण टपाल खातं पत्र वाचतं ते खालून. आधी पिनकोड, मग जिल्हा, मग गाव आणि सगळ्यात शेवटी आपलं दार. इंटरनेटवरचं नावही तसंच उलटं वाचलं जातं, उजवीकडून डावीकडे. उदाहरणापुरतं 'आपलागट डॉट इन' असं एक नाव धरू. मोबाइलमध्ये ते टाकलं की यंत्रं आधी शेवटचं 'इन' बघतात. इन म्हणजे भारत. मग भारताच्या नोंदवहीत विचारतात, आपलागट कुठे राहतो? नोंदवही सांगते, अमक्या यंत्राला विचारा. ते यंत्र एक आकडा देतं, आणि त्या आकड्यावर ज्या कॉम्प्युटरमध्ये आपले फोटो ठेवलेत तो सापडतो. हे सगळं डोळ्याची पापणी लवायच्या आत होतं.

गाडीच्या नंबरात एमएच म्हणजे महाराष्ट्र, तशी जगात प्रत्येक देशाला दोन अक्षरं ठरवून दिली आहेत. भारताला आय-एन, नेपाळला एन-पी, श्रीलंकेला एल-के, बांगलादेशाला बी-डी. प्रत्येक देशाने आपापली नोंदवही आपण सांभाळायची, आणि कुठल्या देशाची नोंदवही कुठे आहे एवढी वरची यादी आयकॅन नावाची अमेरिकेतली एक ना-नफा संस्था सांभाळते. देशागणिक रीत वेगळी. नेपाळमध्ये हे नाव तिथल्या लोकांना फुकट मिळतं, पण नागरिकत्वाचा किंवा कंपनी नोंदणीचा कागद दाखवावा लागतो. प्रशांत महासागरात तुवालू म्हणून दहा-अकरा हजार वस्तीचा चिमुकला देश आहे. त्याच्या वाट्याला टी-व्ही ही अक्षरं आली, आणि जगातल्या टीव्हीवाल्यांना ती हवीहवीशी वाटली. त्या अक्षरांच्या भाड्यावर त्या देशाच्या तिजोरीत चांगली भर पडते. नशीब म्हणायचं!

आपल्या देशाची नोंदवही निक्सी नावाच्या संस्थेकडे आहे. पूर्ण नाव नॅशनल इंटरनेट एक्स्चेंज ऑफ इंडिया. २००३ साली स्थापन झालेली, नफा न कमावणारी, केंद्र सरकारच्या माहिती तंत्रज्ञान खात्याच्या अखत्यारीतली. २००५ सालाआधी डॉट इन मिळणं अवघड होतं, नियम कडक होते, आणि सगळ्या देशात मिळून सातेक हजार नावं नोंदलेली होती. २००५ च्या फेब्रुवारीत दार सगळ्यांना उघडलं. आज ही नावं तीस लाखांच्या पुढे गेली आहेत.

सगळ्यांना उघडलं म्हणजे खरोखरच सगळ्यांना. डॉट इन घ्यायला भारतात राहावं लागत नाही, दुकान असावं लागत नाही. जो आधी येईल त्याला मिळतं. आमचं नाव जुगारवाल्याला मिळालं ते याच नियमाने. सुटलेलं नाव त्याने रीतसर पैसे भरून घेतलं.

आता घ्यायचं कसं? निक्सीच्या दारात आपण थेट जात नाही. रेशनचं धान्य जसं सरकारच्या गोदामातून थेट मिळत नाही, दुकानदाराकडून घ्यावं लागतं, तसे निक्सीने मान्यता दिलेले नोंदणीदार आहेत. या कंपन्यांची यादी निक्सीच्या संकेतस्थळावर बघायला मिळते. त्यातल्या एकीच्या संकेतस्थळावर आपल्या ईमेलने खातं उघडायचं, हवं ते नाव शिल्लक आहे का ते तिथेच टाकून बघायचं, असेल तर किती वर्षांसाठी ते निवडायचं. कमीत कमी एक, जास्तीत जास्त दहा. मग नावधारकाची माहिती भरायची, पैसे भरायचे आणि ओळख पटवायची. ओळख पटेपर्यंत नाव चालू होत नाही किंवा चालू झालेलं बंद पडू शकतं, म्हणून ते काम उद्यावर टाकू नका. एवढंच. आमच्या दुसऱ्या वेळेस हे सगळं पाऊण तासात झालं, त्यातली वीस मिनिटं ओटीपी येण्याची वाट बघण्यात गेली, कारण मोबाइलला रेंज नव्हती आणि सुनीताताई तो घेऊन गच्चीवर उभ्या होत्या.

पैसे किती? वर्षाला हजाराच्या आत-बाहेर, वर १८ टक्के जीएसटी. पण एक बघा. पहिल्या वर्षाचा भाव मोठ्या अक्षरात लिहिलेला असतो आणि तो स्वस्त असतो. दुसऱ्या वर्षापासूनचा भाव बारीक अक्षरात असतो आणि तो बराच जास्त असू शकतो. नवी वहिनी आणि जुनी वहिनी यांच्या पाहुणचारात फरक असतो, तसंच म्हणा. तेव्हा विचारायचा तो पुढच्या वर्षीचा भाव. शिवाय नाव घेताना ते दहा गोष्टी टोपलीत घालतात, ईमेल घ्या, सुरक्षा घ्या, वेबसाइट बनवा. नको असेल ती प्रत्येक खूण काढायची. नाव वेगळं आणि वेबसाइट ठेवायची जागा वेगळी, हे पक्कं लक्षात ठेवा. नाव म्हणजे दारावरची पाटी, जागा म्हणजे गाळा. पाटी एकाकडून घेऊन गाळा दुसऱ्याकडे भाड्याने घेता येतो, गाळा बदलला तरी पाटी तीच राहते. आमच्या त्या बारा हजारांत पाटीचे किती आणि गाळ्याचे किती, हे आम्ही विचारलंच नव्हतं. आज विचारलं असतं.

आता नावधारकाच्या माहितीकडे येते, कारण सगळी गोम तिथे आहे. त्या अर्जात चार ठिकाणी माहिती मागतात. नाव कुणाचं, कारभार कोण बघणार, तांत्रिक बाजू कोण बघणार, पैसे कोण भरणार. वेबसाइट बनवणारा मुलगा चारही ठिकाणी स्वतःलाच टाकतो, कारण त्याला ते सोपं पडतं. त्याला तांत्रिक रकान्यात राहू द्या, तिथे तो हवाच आहे. पण पहिल्या रकान्यात जो आहे तो नावधारक. कायद्याच्या, कंपनीच्या, निक्सीच्या दृष्टीने नाव त्याचं. पैसे कुणी दिले, पाकिटं कुणी छापली, भाकऱ्या कुणी थापल्या, याची नोंद तिथे कुठेच नसते. बायकांना हे वेगळं समजावून सांगायला लागत नाही. घराच्या भिंती सारवायच्या आपण आणि घरपट्टी कुणाच्या नावाने येते ते आपल्याला ठाऊक आहे.

बचत गटाची यात एक खरी अडचण आहे. बऱ्याच गटांची स्वतंत्र कायदेशीर नोंदणी नसते, आणि ओळखपत्र तर माणसाचंच मागतात. मग कुणाचं द्यायचं? आमच्याकडे आम्ही असं केलं. अर्जात संस्थेसाठी वेगळा रकाना असतो, तिथे गटाचं पूर्ण नाव टाकलं. व्यक्ती म्हणून अध्यक्षताईंचं नाव आणि त्यांची ओळख. आणि त्याच बैठकीत ठराव बहीत ठराव लिहिला: हे नाव गटाचं आहे, अध्यक्षताई ते गटाच्या वतीने धारण करतात, पदाधिकारी बदलले की एक महिन्याच्या आत नावधारकाची माहितीही बदलायची. खाली सगळ्यांच्या सह्या. जिथे उत्पादक कंपनी आहे किंवा नोंदणी झालेला संघ आहे, तिथे तर सरळ त्या संस्थेच्या नावावरच घ्यावं. अध्यक्षताईंच्या मुलाच्या नावावर मात्र घेऊ नका. मुलगा चांगलाच आहे, पण उद्या अध्यक्ष बदलल्या की गावात काय बोललं जातं ते तुम्हाला माहीत आहे.

ईमेल कुठला द्यायचा? गटासाठी नवा उघडा. त्याचा पासवर्ड कागदावर लिहून, पाकिटात घालून गटाच्या पेटीत, पासबुकाशेजारी ठेवा. तीन किल्ल्या तिघींकडे असतात ना, त्याच पेटीत. ओटीपीचा मोबाइल नंबर कुणाचा ते ठराव बहीत लिहा. नंबर बदलला तर जुना बंद करायच्या आधी कंपनीकडे नवा नोंदवा. उलट केलंत तर अडकाल. आणि एक गोष्ट, जिच्याबद्दल आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं: गटाचं खातं दोघींच्या सहीचं असतं, त्यामुळे आमच्या खात्यावर कार्डही नव्हतं आणि मोबाइलवरून पैसे पाठवायची सोयही नव्हती. मग सुनीताताईंनी स्वतःच्या खात्यातून भरले, बिल गटाच्या नावाने मागितलं आणि दुसऱ्या दिवशी गटाने त्यांना तेवढ्याच रकमेचा चेक दिला. बिल फाइलला लावलं. हिशेब तपासायला आलेल्या साहेबांनीही ते मान्य केलं.

डॉट इनच्या नोंदवहीत नावधारकाची माहिती खरी असावी लागते, दुसऱ्याच्या आडून नाव घ्यायला परवानगी नाही. पण आपला फोन नंबर, घरचा पत्ता जगाला दिसेल म्हणून घाबरू नका. कुणीही शोधून बघितलं तर बाहेर दिसतं ते एवढंच: संस्थेचं नाव लिहिलं असेल तर ते, राज्य, देश, नोंदणी कुठल्या कंपनीमार्फत झाली आणि नाव कधी घेतलं, कधी संपतं. हा शोध फुकट आहे आणि तुम्हीही घेऊ शकता. तुमच्या गटाचं नाव कुणी घेऊन दिलं असेल तर आजच घ्या. हा इंटरनेटचा सातबारा समजा. संस्थेच्या जागी दुकानाचं नाव दिसलं किंवा काहीच दिसलं नाही, तर त्या माणसाला प्रेमाने चहाला बोलवा आणि नाव गटाच्या नावावर करून घ्या. संबंध चांगले आहेत तोवरच हे होतं. तो दुसऱ्या कंपनीतून आपल्या खात्यात नाव पाठवणार असेल तर त्याच्याकडून एक गुप्त संकेत लागतो, आपल्या गॅसच्या ओटीपीसारखा. तो दिला की नाव सरकतं. नाही दिला तर बसा भांडत.

मुदतीचं आता. आपण नाव विकत घेतलं असं म्हणतो, पण ते विकत मिळतच नाही. आठवडी बाजारात पावती फाडून बसायला जागा मिळते तसं आहे, पावती आहे तोवर जागा आपली. मुदत संपली की लगेच नाव दुसऱ्याला जात नाही. आधी वेबसाइट बंद पडते, पण काही दिवस नेहमीच्याच भावात पैसे भरून नाव चालू करता येतं. हे दिवस कंपनीगणिक कमी-जास्त असतात, फार तर दीड महिना. त्यानंतर तीस दिवसांचा एक काळ असतो, त्यात नाव सोडवता येतं, पण दंड भरून, आणि दंड काही हजारांचा असतो. मग पाच दिवस नाव कुणालाच मिळत नाही, आपल्यालाही नाही. सहाव्या दिवशी ते मोकळं. आणि मोकळ्या होणाऱ्या नावांवर टपून बसणारे लोक जगात आहेत. ज्या नावाला आधीपासून गिऱ्हाईक येतं ते नाव त्यांना तयार पिकासारखं वाटतं. आम्ही हिशेब लावला तेव्हा कळलं, आषाढ ते दिवाळी या काळात कुणीही एकदा जरी आमची वेबसाइट उघडून बघितली असती तर नाव वाचलं असतं. पण मागणी सगळी फोनवर यायची, आमच्यातल्या कुणी वेबसाइट उघडलीच नव्हती. दुसऱ्याला दाखवायला म्हणून केलेली गोष्ट, आपण कशाला बघतोय!

नाव परत मिळवता आलं नसतं का, असं बऱ्याच जणी विचारतात. मार्ग आहे. डॉट इनच्या भांडणांसाठी निक्सीचं वेगळं धोरण आहे, लवाद नेमला जातो. तिथे तीन गोष्टी दाखवाव्या लागतात. ते नाव ज्यावर आपला हक्क आहे अशा नावाशी सारखं किंवा फसगत होईल इतकं जवळचं आहे, समोरच्याचा त्या नावाशी प्रामाणिक संबंध नाही, आणि त्याने ते वाईट हेतूने घेतलं किंवा वापरलं आहे. पहिल्यालाच आम्ही अडखळलो. आमचा ट्रेडमार्क नव्हता आणि गटाचं नाव एका देवीचं, त्या नावाचे गट तालुक्यात चार निघतील. लवादाची फी भरायची ती वेगळीच. आम्ही तो नाद सोडला आणि नवं नाव घेतलं. ज्यांचा माल जिल्ह्याबाहेर जातो त्या गटांनी मात्र ट्रेडमार्कचा विचार करावा. लहान उद्योगाला ऑनलाइन अर्जाची सरकारी फी साडेचार हजार रुपये आहे, इतरांना नऊ हजार.

नवं नाव निवडताना मात्र आम्ही शहाण्यासारखं वागलो. आधीचं नाव इंग्रजी अक्षरांत इतकं लांब होतं की फोनवर सांगताना अध्यक्षताईंना दम लागायचा. नावात इंग्रजी अक्षरं, आकडे आणि मधली आडवी रेघ चालते. मोकळी जागा चालत नाही, आणि रेघ सुरुवातीला किंवा शेवटी चालत नाही. रेघ तर मी म्हणेन घालूच नका, कुणी लक्षात ठेवत नाही. आम्ही बैठकीत पाच नावं काढली आणि प्रत्येक नाव शाळेत जाणाऱ्या तीन पोरींना फक्त तोंडाने सांगून लिहायला लावलं. शेंगा हा शब्द तिघींनी तीन प्रकारे लिहिला. ज्या नावाला तिन्ही वह्यांत एकच स्पेलिंग आलं ते नाव घेतलं.

मराठीत नाव मिळत नाही का? मिळतं. २०१४ सालच्या ऑगस्टमध्ये देवनागरीतलं डॉट भारत सुरू झालं, आणि त्यात हिंदी, कोकणीबरोबर मराठीही आहे. नाव मराठीत, शेवटही मराठीत. मला स्वतःला ते फार आवडतं. शेंगा लिहायला तिथे एकच रीत. पण व्यवहाराचं सांगायचं तर ते आत्ता एकटं पुरत नाही. गिऱ्हाइकाच्या मोबाइलवर मराठी टंकायची सोय लागते आणि तसा ईमेल काही अर्ज स्वीकारत नाहीत. आम्ही इंग्रजी अक्षरातलं घेतलं. गटाकडे पैसे झाले की मराठीही घेऊ, असा ठराव आहे. डॉट इन, डॉट को डॉट इन आणि डॉट भारत ही तिन्ही वेगवेगळी नावं धरली जातात हेही ध्यानात असू द्या. एक घेतलं म्हणून बाकीची आपली होत नाहीत.

आता ज्यांना वेबसाइट काढायचीच नाही, त्यांच्यासाठीही यात एक गोष्ट आहे. नाव उजवीकडून वाचायचं, असं मी सुरुवातीला म्हटलं. डॉट इन कुणालाही मिळतं, पण त्याच्या आतली काही दारं बंद आहेत. शेवटी जीओव्ही डॉट इन असेल तर ते सरकारी, खासगी माणसाला ते पैसे देऊनही मिळत नाही. एसी डॉट इन शिक्षणसंस्थांचं. लाडकी बहीण योजनेचं संकेतस्थळ महाराष्ट्र डॉट जीओव्ही डॉट इन असं संपतं. आता कुणी मोबाइलवर लिंक पाठवली, तिच्यात सुरुवातीला लाडकी बहीण आहे, मध्ये महाराष्ट्र आहे, जीओव्हीसुद्धा आहे, पण शेवट डॉट ऑनलाइन किंवा डॉट शॉप असा काहीतरी आहे, तर ती सरकारची नाही. सुरुवातीला काय लिहायचं हे ज्याचं नाव आहे तो ठरवतो, त्याला कुणी अडवत नाही. बँकांसाठीही रिझर्व्ह बँकेने असंच बंद दार केलं आहे, बँक डॉट इन. तिथे फक्त बँकांनाच नाव मिळतं, आणि सगळ्या बँकांनी ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत तिकडे जावं असा आदेश होता. केवायसीची लिंक आली तर शेवट बघा. उलट ओआरजी डॉट इन बघून मात्र भुलू नका. ओआरजी म्हणजे संस्था खरी, पण ते कुणालाही घेता येतं, संस्था असल्याचा तो दाखला नाही. आणि पैसे गेलेच तर लाजून घरात बसू नका, १९३० या नंबरवर ताबडतोब फोन करा.

नाव घेतल्यावर आमच्या सुनीताताईंना पंधरा दिवस फोन येत होते. वेबसाइट बनवून देतो, नाव बंद पडणार आहे, आत्ता पैसे भरा. त्यांनी सगळ्यांना एकच उत्तर दिलं: "मुदत आमच्या भिंतीवर लिहिलीय." खरंच लिहिली आहे. गटाच्या खोलीत कर्जफेडीचा तक्ता लावलेला असतो, त्याच्या खाली खडूने नाव, कंपनी आणि संपण्याची तारीख, आणि या वेळी तीन वर्षांचे पैसे एकदम भरलेत. पैसे भरायचे ते आपणच आपल्या खात्यात जाऊन भरायचे, आलेल्या लिंकवरून कधीच नाही.

ज्यांच्या गटाचं नाव आधीच कुणीतरी घेऊन दिलंय, त्यांनी येत्या गुरुवारी अकरानंतर केंद्रावर या. येताना ठराव बही, बिल असेल तर बिल, आणि ज्याने नाव घेतलं त्याचा नंबर आणा. आपण सगळ्या मिळून नोंद शोधू. रेंज केंद्रावर बरी आहे, गच्चीवर जावं लागणार नाही.